चव वांग्यासारखी

भागुबाईच्या उजव्या जबड्याखाली गाठ आली, तेव्हा तिनं ती कुणाला सांगितली नाही. पदर जरा पुढं ओढून घेतला आणि मेथीच्या जुड्या बांधत बसली. नवऱ्याच्या, म्हणजे भिमाजीच्या, नजरेत ती आली तोवर बोराएवढी झाली होती. दुखत नव्हती, पिकत नव्हती आणि जातही नव्हती. दाढेचं असणार, असं भिमाजीनं ठरवलं. दातांच्या डॉक्टरानं दाढ काढली. दाढ गेली, गाठ राहिली. दुसरा डॉक्टर म्हणाला, लाळेच्या ग्रंथीत खडा अडकलाय, लिंबू चोखा म्हणजे लाळ सुटेल आणि खडा बाहेर पडेल. भागुबाईनं उन्हाळाभर लिंबं चोखली. खडा काही पडला नाही, दात तेवढे आंबले. शेजारच्या यशोदाबाईनं गालगुंड ठरवून उंबराच्या चिकाचा लेप दिला, त्यानं कातडी काळी पडली. एक ना धड भाराभर चिंध्या, असं सगळं चाललं होतं आणि गाठ आपली आरामात लिंबाएवढी होत होती.

शेवटी मुलानं, दिनेशनं, रजा काढून आईची सोनोग्राफी करून आणली. गाठीत पाणी आहे आणि पाण्यात एक ठिपका आहे, असं त्यात निघालं. ठिपका कसला, ते कुणी सांगेना. मग सुई घालून तपासणी झाली, आणि ते कागद घेऊन नवराबायको इंदिरानगरातल्या एका दवाखान्यात आशा मॅडमसमोर जाऊन बसले. दिनेशची त्या दिवशी ओझरच्या विमान कारखान्यात पहिली पाळी होती, त्यामुळे तो सोबत नव्हता. तो असता, तर पुढचं बरंचसं घडलंच नसतं.

"घाबरायचं कारण नाही," आशा मॅडम म्हणाल्या. "कॅन्सर नाही, टीबी नाही. जबड्याखाली लाळ तयार करणारी ग्रंथी असते, तिच्यात पाण्याची एक छोटी पिशवी झालीय. त्या पिशवीत जंताचं पिल्लू आहे. फितीसारखा लांबलचक जंत असतो ना, त्याचं. या जागी फार क्वचित होतं हे. मी स्वतः पहिल्यांदाच बघतेय."

"जंत?" भिमाजी म्हणाला. "जंत तर पोटात व्हतो. गालात कसा जाईल?"

"तेच सांगते. हा जंत मूळचा डुकराच्या मांसातून माणसाच्या..."

पुढचं वाक्य भिमाजीनं ऐकलं नाही. 'डुकराच्या' हा शब्द कानावर पडताच तो उठला. दार ढकलून बाहेर आला, चपला पायात सरकवल्या आणि थेट रस्त्यावर जाऊन उभा राहिला. तिथून जाणाऱ्या एका रिक्षावाल्यानं "कुठं जायचं?" म्हणून विचारलं, तर भिमाजीनं त्याला हातानंच पुढं जायला सांगितलं.

आता एवढ्याशा शब्दानं माणूस खुर्चीतून उठतो का, असं कुणी म्हणेल. पण भिमाजीच्या गळ्यात तुळशीची माळ होती. माळ घातली की मांस-मच्छीला शिवायचं नाही, आणि माळ गळ्यातून उतरवायची नाही. तुटलीच, तर पुन्हा ओवून गळ्यात पडेपर्यंत अन्नाचा कण घ्यायचा नाही. माळकरी आपल्याकडे पुष्कळ आहेत. पण भिमाजीच्या माळेची गोष्ट वेगळी होती. तरुणपणी हा मटणाचा असा भोक्ता होता, की जत्रेत पंगत उठली तरी हा उठत नसे. मग दिंडोरीकडची भागुबाई त्याला सांगून आली आणि बघताक्षणी मनात भरली. तिचं घर मात्र पिढ्यान् पिढ्या माळकरी. तिच्या स्वतःच्या गळ्यात बापानं आठव्या वर्षीच माळ घातलेली. बाप म्हणाला, "पोरगी देतो, पण माळ घालावी लागंल." भिमाजीनं दोन दिवस विचार केला आणि मान पुढं केली. देव त्यात नंतर आला. आधी भागुबाई आली.

त्याला आता तीसच्या वर वर्षं होऊन गेली होती. अजूनही बाजारातून येताना खानावळीच्या कोपऱ्यावर त्याचे पाय मंदावायचे. एक लांब श्वास घ्यायचा आणि मग जरा मोठ्यानंच 'रामकृष्ण हरी' म्हणून पुढं जायचा. पण बाटगा जास्त कडवा म्हणतात, तसं त्याचं झालं होतं. ज्या घरात अंडी शिजतात तिथं तो पाणीसुद्धा पीत नसे. एकादशीच्या भजनाला बसला की कुणाच्या घरी काय शिजतं, यावर नाकानं कांदे सोलायचा. असा हा माणूस, आणि त्याच्या बायकोच्या गालात डुकराचा जंत!

भागुबाई बऱ्याच वेळानं बाहेर आली. हातात कागदांची पिशवी होती.

"पुढचं ऐकलंच नाय तुम्ही," ती म्हणाली. "मॅडम म्हणल्या, आपण काय खाल्लं त्याचा अन् याचा संबंध नाय. कुणाच्या तरी पोटात तो जंत असतो, त्याची अंडी बाहेर पडत्यात. भाजीवरनं, पाण्यावरनं ती आपल्या तोंडात गेली का हे असं व्हतं."

"मंग बाईनं डुकराचं नाव कशाला घेतलं?"

"ते मला नाय सांगता येत."

"अन् कुणाच्या तरी पोटात म्हंजे कुणाच्या?"

"ते त्यांना बी ठाऊक नाय. कुणाच्या बी."

भिमाजीला हे काही पटेना. डुक्कर आहे, पण खाल्लेलं नाही. जंत पोटातला आहे, पण आपल्या नाही, दुसऱ्याच्या पोटातला. आणि तो राहायला आलाय भागुबाईच्या गालात. त्याला वाटलं, डॉक्टर झाली तरी बाईच ती, बाईमाणसाची अब्रू झाकायला असंच काहीतरी सांगणार. आत जाऊन सरळ विचारलं असतं तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. पण "आमच्या हिनं डुक्कर खाल्लंय का हो?" हे परक्या बाईला कुठल्या तोंडानं विचारायचं? तो मुकाट्यानं रिक्षात बसला.

घर म्हणजे इंदिरानगरच्या पलीकडे, सोसायट्यांच्या मधोमध उरलेला त्यांचा मळा. तीन बाजूंनी इमारती आणि मध्ये मेथी, कोथिंबीर, पालकाचे वाफे. संध्याकाळी दिनेश कामावरून आला आणि ओट्यावर बसून फोनमध्ये शोधू लागला.

"बाबा, मलाही नीट कळत नाहीये," तो म्हणाला. "वरती लिहिलंय, मांस कच्चं राहिलं आणि ते खाल्लं तर होतो. खाली लिहिलंय, आईला झालंय ते खाल्ल्यानं नाही होत. जंत एकच, पण आजार दोन आहेत, असं दिसतंय."

"खाल्ल्यानं व्हतो का नाय, तेवढं सांग."

"होतो. म्हणजे एक होतो. आईचा दुसरा आहे."

"जंत एकच म्हणला ना तू?"

"हो."

"मंग?"

दिनेशनं फोन खिशात टाकला. "मॅडमनाच विचारा तुम्ही."

"मॅडमनी आईंना सांगितलंय की सगळं," दिनेशची बायको निकिता म्हणाली. "आईंचं ऐका ना." सून नवी होती. या घरात भागुबाईचं ऐकतात ते फक्त तिनं जेवायला हाक मारल्यावर, हे तिला अजून कळायचं होतं.

आणि त्या संध्याकाळी भिमाजीनं तेही ऐकलं नाही. ताट वाढून झालं तरी तो ओट्यावरून हलला नाही.

"मला उपास हाय," तो म्हणाला.

"आज कसला उपास?"

"हाय."

भागुबाई काय समजायचं ते समजली. ज्याच्या पोटात असलं काही गेलं त्याच्या हातचं भिमाजी खात नाही, हे तिला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. ताट तिनं झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही तसंच. भिमाजी दूध प्यायचा, केळी खायचा, मूठभर शेंगदाणे तोंडात टाकायचा. निकिता म्हणाली, मी करते स्वयंपाक. पण तवा भागुबाईचा, पातेली भागुबाईची, पिठाच्या डब्यात हात भागुबाईचा. भिमाजीला साखरेचा आजार होता. गोळी मात्र तो नेमानं घ्यायचा, रिकाम्या पोटी. नियम म्हणजे नियम.

मॅडमनी घरातल्या सगळ्यांची शौचाची तपासणी सांगितली होती. माळकऱ्याच्या घरात ही पाळी यावी! पण दिनेशनं ऐकलं नाही, चौघांच्या डब्या देऊन आला. चौघांचंही काही निघालं नाही. भागुबाईच्या मेंदूचा फोटो काढला, तिथंही काही नव्हतं. मॅडमनी गाठ काढायला ऑपरेशनचा दिवस ठरवून दिला आणि सगळ्यांना बरं वाटलं. भिमाजीचा मात्र गोंधळ आणखी वाढला. पोटात नाही, डोक्यात नाही, मग नेमका मधेच गालात कसा? वरून खाली चालला होता की खालून वर? वाटेत बसला होता काय?

त्यानं मागची वर्षं उकरायला घेतली. माहेरी खाल्लं म्हणावं, तर तिथं चातुर्मासात कांदासुद्धा घरात येत नाही. लग्नाकार्यात म्हणावं, तर ती कायम याच्या शेजारच्या पानावर बसलेली. मग राहिली ती सुरगाण्याकडची वाट. दरवर्षी कामाच्या दिवसांत भागुबाई तिकडच्या डोंगराळ गावांतून मजूर बाया आणायला जायची, एखादा मुक्कामही व्हायचा. तिथं कोण काय खातं, कुणाला ठाऊक? संशयाला एकदा जागा सापडली की तो पाय पसरून बसतो. भिमाजीनं सुतावरून स्वर्ग गाठला आणि वर बसून बायकोला विचारायला लागला.

"खरं सांग."

"नाय खाल्लं."

"मी काय करणार नाय तुला. पण खरं सांग."

"खरंच सांगते. नाय खाल्लं."

वाफ्यात विचारायचा, पंपाजवळ विचारायचा, पोत्यावर कोथिंबीर लावताना विचारायचा. त्याच्या मनात होतं ते पापपुण्याच्या पलीकडचं होतं. त्याला हेवा वाटत होता. मी सोडलं ते हिच्यापायी. तीस वर्षं कोपऱ्यावरचा वास घेऊन घरी आलो. आणि हिनं खाल्लं? हा विचार आला की हातातलं काम टाकून तो पुन्हा तिला विचारायला जायचा. दुसरी एक भीतीही होती. गाठ मानेजवळ आहे, ऑपरेशन आहे, हिचं काही बरंवाईट झालं तर? पण त्या भीतीचं काय करायचं हे त्याला कळत नव्हतं. राग निदान वापरता येत होता.

असं चाललेलं असताना एक दिवस भाजीबाजारात तो चक्कर येऊन कोथिंबिरीच्या ढिगावर पडला. शेजारी बसणारा रंगनाथ भजनातही त्याच्या शेजारी बसायचा. त्यानं तोंडात साखर घातली, चहा पाजला आणि रिक्षात घालून घरी आणलं.

"वहिनी, हा काही जेवतबिवत नाय का?" रंगनाथनं विचारलं. "अंगात जीव नाय त्याच्या."

"उपास हाय त्यांना," भागुबाई म्हणाली.

"असला कसला उपास? मरंल तो एखाद्या दिवशी."

रंगनाथ गेला. भिमाजी शेवग्याच्या सावलीत पोत्यावर पडून राहिला. भागुबाई समोर मेथीच्या जुड्या बांधत बसली. जुडी बांधायला केळीचं सोपट, म्हणजे खोडाची वाळलेली साल, चिरून त्याच्या पट्ट्या करायच्या, त्या टाक्यातल्या पाण्यात भिजत घालायच्या म्हणजे मऊ पडतात. दोन्ही हात मेथी गोळा करण्यात गुंतलेले असतात म्हणून पट्टी ओठांत धरायची, जुडी जमली की ओढून गुंडाळायची. सगळ्याच बाया तसं करतात. भागुबाईनं आठ-दहा जुड्या बांधल्या. मग ओठांतली पट्टी काढून मांडीवर ठेवली.

"खाल्लं व्हतं मी," ती म्हणाली.

भिमाजी उठून बसला. "काय?"

"तेच. तुम्ही इचारता ते."

"कवा?"

"लय वर्षं झाली. दिनेश ल्हान व्हता."

"कुठं?"

"सुरगाण्याकडं. बाया आणाया गेले व्हते, तवा एका घरी वाढलं. नाय म्हणता आलं नाय."

"काय हाय ते कळलं नव्हतं का तुला?"

"कळलं."

"मंग?"

"मंग खाल्लं."

भिमाजीला किती तरी गोष्टी विचारायच्या होत्या. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "चव कशी व्हती?"

हे आपण का विचारलं, त्याचं त्यालाही कळलं नाही. भागुबाई मात्र विचारात पडली. शाळेत न शिकवलेला प्रश्न परीक्षेत यावा, तसा तिचा चेहरा झाला. तिनं समोरच्या वाफ्यांकडे पाहिलं, बांधाकडेच्या झाडांकडे पाहिलं.

"वांग्यासारखी," ती म्हणाली.

ज्यानं तरुणपणी मटणाच्या पातेल्यांचे तळ पाहिले होते, त्या भिमाजीला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. जगातल्या कुठल्याही मांसाची चव वांग्यासारखी नसते. त्याला त्या क्षणी ते कळलं, अगदी लख्ख कळलं. आणि त्यानं ते बाजूला सारलं. कारण त्याला फार हलकं वाटत होतं. इतके दिवस काहीच धड कळत नव्हतं; आता एक तरी सरळ उत्तर हाती आलं होतं. शिवाय या घरात तो कायम मागून माळ घातलेला, सासऱ्याच्या अटीवरचा माळकरी. आज पहिल्यांदाच भागुबाईपेक्षा तो वर होता, आणि तिला माफ करणं त्याच्या हातात होतं. माफ करण्याची हौस वाईट असते.

"झालं ते झालं," तो मोठ्या मनानं म्हणाला. "मनात ठेवू नको. तुळशीपुढं नाक घास, म्हंजे आज मी तुझ्या हातचं खाईन. माळ तेवढी काढून ठेव. ऑपरेशन झालं का महाराजांकडं जाऊ, परत घालू."

भागुबाईनं हात धुतले. तुळशीपुढं वाकून नाक घासलं. माळ काढायला गेली तर ती अंबाड्यात अडकली. काढायची सवयच नव्हती, कशी काढतात ते तिला ठाऊक नव्हतं. शेवटी भिमाजीनंच केस बाजूला करून ती सोडवली आणि आपल्या सदऱ्याच्या खिशात ठेवली. त्या संध्याकाळी भिमाजीनं मेथीची भाजी आणि ठेचा यांच्यासोबत तीन भाकरी खाल्ल्या, वर वाटीभर दूध प्यायला आणि तृप्तीची ढेकर दिली. भागुबाई समोर बसून त्याला जेवताना बघत होती.

"आई, काय झालं?" निकितानं तिला आत गेल्यावर विचारलं.

"काय नाय. जेवले ते," भागुबाई म्हणाली.

ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. गाठ ग्रंथीसकट काढली. बाहेर बाकावर दिनेश, निकिता आणि भिमाजी बसले होते. जेवण सुरू झाल्यापासून भिमाजीच्या अंगात जीव आला होता, तरी त्या दोन तासांत तो पार गळून गेला. पांडुरंगाला त्यानं काय काय कबूल केलं ते त्याचं त्यालाच माहीत. मॅडम बाहेर आल्या आणि सगळं नीट झालं म्हणाल्या, तेव्हा तो चारचौघांत ढसाढसा रडला.

दुपारी मॅडमनी त्याला आत बोलावलं. टेबलावर छोटी काचेची बरणी होती. तिच्यात पातळ सालीच्या द्राक्षासारखी एक पिशवी तरंगत होती, आणि पिशवीच्या आत साबुदाण्याच्या दाण्यासारखा पांढरा ठिपका. एवढ्याशा ठिपक्यानं आपलं घर ढवळून काढलं, हे भिमाजीला खरं वाटेना.

"हाच का तो?" त्यानं विचारलं.

"हाच. पुढच्या तपासणीला पाठवायचाय, म्हणून म्हटलं त्याआधी दाखवावं. आता काळजी नाही."

भिमाजीला वाटलं, आपणही मोकळेपणानं बोलावं. मॅडमनी इतकं केलं, त्यांना तरी का अंधारात ठेवायचं? "मॅडम," तो म्हणाला, "तुम्ही आमची अब्रू झाकली, उपकार हाय तुमचे. पण आता लपवायचं काय कारण नाय. हिनं कबूल केलंय मला."

"काय कबूल केलंय?"

"डुकराचं खाल्ल्याचं."

आशा मॅडमनी बरणी बाजूला ठेवली. "काका, बसा. आणि आज माझं बोलणं संपेपर्यंत उठायचं नाही. तसलं मांस कच्चं राहिलं आणि कुणी खाल्लं, तर त्याच्या पोटात लांब जंत वाढतो. हा त्याचा आजार. तो यांना नाही, तुमच्या घरात कुणालाच नाही. आता तो माणूस उघड्यावर शौचाला बसला, किंवा त्याचं घाण पाणी ओढ्या-नाल्यात आलं, की जंताची अंडी त्यात येतात. ते पाणी भाजीला लागतं, हाताला लागतं. ती अंडी ज्याच्या तोंडात जातील, त्याच्या अंगात कुठंतरी अशी पिशवी होते. मग त्यानं जन्मात मांसाला हात लावलेला नसला तरी. नेमकी कुठून गेली, हे मी सांगू शकत नाही. शेताला पाणी कुठलं तुमच्या?"

"विहिरीचं," भिमाजी म्हणाला. आणि मग थोडं थांबून, "उन्हाळ्यात विहीर आटली का मागचा नाला हाय. त्यात मोटर टाकतो मी. तेच टाक्यात भरतो."

ते पाणी, टाक्यात भिजलेल्या पट्ट्या आणि भागुबाईचे ओठ. मॅडमनी सांगायची वाट न बघता त्याच्या डोळ्यांपुढं ते आलं. मोटर त्यानंच टाकली होती. भागुबाई नको म्हणाली होती का? आठवेना. म्हणाली असेल तरी त्यानं ऐकलं नसणार.

"मंग हिनं खाल्लं ते?" त्यानं कसंबसं विचारलं.

"ते खाल्लं असेल किंवा नसेल, या गाठीशी त्याचा काही संबंध नाही. आणि काका, हे मी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुम्ही उठून गेलात, पण त्या बसून राहिल्या. दोनदा समजावून घेतलं माझ्याकडून. म्हणाल्या, घरी नीट सांगायचंय."

भिमाजी वॉर्डात आला तेव्हा निकितानं डबा आणून ठेवला होता आणि ती औषधं आणायला खाली गेली होती. भागुबाई उशीला टेकून बसली होती. हनुवटीखाली जाड पट्टी होती. पट्टीखाली मोकळा गळा. इतक्या वर्षांत तिचा गळा मोकळा त्यानं कधी पाहिलाच नव्हता. माळेच्या जागी कातडी फिकी पडली होती. तो स्टुलावर बसला.

"तू नव्हतं खाल्लं," तो म्हणाला.

भागुबाईला मान हलवता येत नव्हती. तिनं हातानंच नाही म्हणून सांगितलं.

भिमाजीनं खिशातून माळ काढली. "घाल ही. महाराज-बिराज काय नको. आत्ता घाल."

तिनं ती हातात घेतली नाही. "खोटं बोलून उतरवलीय मी," ती ओठ फारसे न हलवता, एकेक शब्द सुटा करत म्हणाली. "आता घालायची कशी, ते मला नाय कळत. तुम्हाला कळतं का?"

भिमाजीला कळत नव्हतं. माळ तुटली तर काय करायचं ते ठाऊक होतं, मांस खाल्लं तर काय करायचं तेही ठाऊक होतं. ही गोष्ट कुणीच कधी सांगितली नव्हती. त्याला फार लाज वाटली, आणि लाजेनं त्याचा आवाज उगाचच चढला.

"पण तू बोललीसच कशाला खोटं? खरं व्हतं तुझ्याजवळ, डॉक्टरीणबाईनं दिलेलं. खऱ्याला धरून ऱ्हायचं की!"

"खरं सांगत व्हते तवा तुम्ही उपाशी ऱ्हात व्हता," भागुबाई म्हणाली. "खोटं सांगितलं तवा तीन भाकरी खाल्ल्या."

तिला एवढं बोलून दम लागला. तिनं डोळे मिटले, आणि मग न उघडताच डब्याच्या दिशेनं हात केला.

"जेवून घ्या," ती म्हणाली. "गोळी ऱ्हायलीय तुमची."

भिमाजीनं डबा उघडला. पहिला घास मोडला, तोंडापाशी नेला, आणि तो तसाच हातात धरून बसून राहिला.